वारी पोचती कशी करायची: वाखरीपासून घरच्या मावंद्याच्या जेवणापर्यंत

पहिल्या वारीची तयारी मी मार्चपासून चालू केली होती. बूट, रेनकोट, व्हॅसलिन, पॉवरबँक, सगळं जमवलं, फक्त रजा टाकली ती एकादशीच्या दुसऱ्या दिवसापर्यंतच, कारण डोक्यात साधं गणित होतं की पंढरपूर आलं की वारी संपली. झालं काय, आळंदीपासून जवळपास अडीचशे किलोमीटर चालून पोचलो आणि दशमीच्या रात्री आमच्या दिंडीचा तंबूच सापडेना, मोबाईलला रेंज नाही, शेवटी एका अनोळखी दिंडीच्या ट्रकशेजारी ताडपत्रीवर आडवा झालो, एकादशीला लांबून कळस बघितला, हात जोडले आणि गाडी चुकेल म्हणून पळत सुटलो. घरी आईने विचारलं, कसं झालं रे दर्शन? मला धड सांगताच येईना. दिवे घाट आठवत होता, नीरेचं पाणी आठवत होतं, पंढरपूरच आठवत नव्हतं.

त्यानंतर चार वाऱ्या झाल्या आणि आता नवीन कोणी विचारलं की मी बुटांबद्दल नंतर सांगतो, आधी शेवटच्या आठवड्याबद्दल सांगतो. जुने वारकरी नुसतं वारी केली म्हणत नाहीत, वारी पोचती केली म्हणतात, आणि ते पोचती करणं हे चालण्यापेक्षा वेगळं काम आहे. अठरा-वीस दिवस दिंडी तुम्हाला सांभाळते, चहा कधी, जेवण कुठे, झोप कुठे सगळं ठरलेलं, आणि नेमकं पंढरपुरात लाखोंच्या गर्दीत ती घडी विस्कटते. तिथे आपलं आपल्याला बघावं लागतं.

आधी रजा नीट मोजा

शेवटचा हिशोब असा: आषाढ शुद्ध नवमीला पालख्या वाखरीत जमतात, दशमीला पंढरपुरात शिरतात, मग एकादशी, द्वादशीला बारस सोडायची, म्हणजे एकादशीचा उपवास सोडायचा, आणि पौर्णिमेला गोपाळपूरला काला. काला झाला की वारी पोचली. २०२४ ला एकादशी १७ जुलैला होती आणि पौर्णिमा २१ ला, २०२५ ला ६ आणि १० जुलै. म्हणजे एकादशीनंतर साधारण चार दिवस धरायचे, एखाद्या वर्षी तिथीचा क्षय असतो तेव्हा पंचांग बघून घ्या, आणि वर घरी नुसतं झोपायला एक दिवस.

एवढी रजा मिळतच नसेल तर माझं मत सरळ आहे, सुरुवातीचे दिवस कापा, शेवटचे नको. सासवडहून किंवा अगदी लोणंदहून सामील झालात तरी काही बिघडत नाही. पण किमान द्वादशीच्या दुपारपर्यंत पंढरपुरात थांबा, एकादशीला संध्याकाळी पळणाऱ्याला गर्दी तेवढी मिळते, बाकी काही नाही.

नवमीच्या संध्याकाळी वाखरीत करायची कामं

त्या दिवशी दुपारी बाजीराव विहिरीपाशी माउलींचं रिंगण होतं आणि रिंगणानंतर माणसं वेडी होतात, फुगड्या, पावल्या, हुतूतू, त्यामुळे संध्याकाळी तळावर आल्यावर कोणाला कशाची शुद्ध नसते. तरी झोपायच्या आधी एक तास काढा.

पहिलं म्हणजे दिंडीचालकाला किंवा विणेकऱ्यांना गाठून पंढरपुरातला मुक्काम नेमका कुठे ते विचारा. मठ, धर्मशाळा, कोणाचा वाडा, की नदीपलीकडे पासष्ट एकर नावाच्या तळावर तंबू. ते बॉलपेनने कागदावर लिहा, जवळची खूण लिहा, दिंडीचा नंबर लिहा (रथापुढे आहे की रथामागे तेही, कारण सत्तावीस नंबरची दिंडी नुसती म्हणून चालत नाही, पुढची सत्तावीस वेगळी आणि मागची वेगळी) आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. मोबाईलमधलं लोकेशन दशमीला उपयोगाचं नसतं, नेटवर्क पार झोपलेलं असतं, फोन लागत नाही, कधीतरी साधा मेसेज तेवढा जातो. म्हणून घरी नवमीलाच फोन करून सांगून टाका की दोन दिवस लागला नाही तर काळजी करू नका.

दुसरं, सामान. ट्रक दुसऱ्या रस्त्याने जातो आणि तुमची मोठी बॅग तुम्हाला दशमीच्या रात्री उशिरा मिळते किंवा मिळतच नाही, डायरेक्ट एकादशीला सकाळी मिळते. एका छोट्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल, रोजच्या गोळ्या, बॅटरी, आधार कार्ड, थोडे फुटाणे आणि पाणी एवढं अंगाशीच ठेवा. पैसे एका जागी ठेवू नका.

तिसरं, पाय. एवढ्या दिवसांत फोड येऊन गेलेले असतात आणि टाचेला किंवा करंगळीला एखादा ताजा असतोच. लहान फोडाला हात लावू नका, वरून पट्टी मारा. मोठा, ताणलेला असेल तर तळावरच्या आरोग्य पथकाकडे जा, ते लोक रोज शेकडो पाय बघत असतात, पाच मिनिटांत पाणी काढून वरची कातडी तशीच ठेवून ड्रेसिंग करून देतात. सुईने फोडातून दोरा ओवून ठेवायची एक जुनी पद्धत आहे, पाणी निथळतं खरं, मीसुद्धा दोन वेळा केलंय, पण उद्या त्याच पायाने चिखल आणि परवा नदी आहे, त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते, म्हणून आता करत नाही. शुगरवाल्यांनी तर हा प्रकार अजिबात करू नये आणि कढत पाण्यात पायही बुडवू नयेत, भाजलेलं कळत नाही.

दशमी: अंतर कमी, दिवस मोठा

वाखरी ते पंढरपूर सहा-सात किलोमीटर. आरामात दीड-दोन तासांचं काम असं वाटतं, पण पालख्या ठरलेल्या क्रमाने निघतात, संत नामदेवांची पालखी पंढरपुरातून सामोरी येते, सगळ्या संतांचं स्वागत होतं आणि माउलींची पालखी सगळ्यात शेवटी. त्यामुळे माउलींच्या दिंड्या शहरात शिरेपर्यंत रात्र होते. इसबावीला विसावा, आरती, तिथून पुढे पादुका शितोळे सरदारांच्या गळ्यात देऊन नेतात. हे सगळं बघायचं असेल तर दिंडीच्या ओळीतच राहा, पुढे पळून गेलात तर लवकर पोचाल, पण नुसते पोचाल.

त्या दिवशी चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त होतं आणि पाय उभं राहून दुखतात. थांबलं की टाचा वर-खाली करत राहा, शक्य तिथे खाली बसा, लाजू नका. सकाळी पोटभर खाऊन निघा कारण मध्ये जेवण होईल याची गॅरंटी नाही. गळ्यातली चेन, वरच्या खिशातला फोन, मागच्या खिशातलं पाकीट, ही तिन्ही या एका दिवसात जातात, माझा फोन दुसऱ्या वर्षी असाच गेला. फोटोचं म्हणाल तर मी स्वतःला दहा मिनिटं देतो, काय काढायचं ते काढायचं आणि फोन आतल्या खिशात.

तिसऱ्या वर्षी इसबावीच्या पुढे एक आजी माझ्या बाजूला होत्या, डोक्यावर तुळस, चपला काढून कमरेच्या पिशवीत खोचलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू. दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "दिसला का रं लेकरा कळस?" मी नाही नाही म्हणत होतो आणि एकदा अंधुक उजेडात काहीतरी उंच दिसलं तसं म्हणालो, "दिसला आजी, त्या बाजूला." त्यांनी तुळस माझ्याकडे दिली, रस्त्यातच खाली बसल्या, कपाळ टेकवलं, मागच्या दोन ओळी थांबून राहिल्या. थोडं पुढे गेल्यावर मला कळलं की ती पाण्याची टाकी होती. काही बोललो नाही मी, त्यांची तुळस मात्र मुक्कामापर्यंत माझ्याच डोक्यावर होती.

मुक्कामी पोचल्यावर लगेच देवळाकडे धावू नका. पाय धुवा, कोरडे करा, भिंतीला टेकवून पंधरा-वीस मिनिटं वर ठेवा, दोन घास खा आणि झोपा. झोप तीन-चार तासांचीच मिळणार आहे.

एकादशी: दर्शन म्हणजे काय ते आधीच ठरवा

बहुतेकांचा विरस इथेच होतो. अठरा दिवस चाललेल्या माणसाला वाटतं की आता विठोबाच्या पायावर डोकं ठेवायचंच, आणि आषाढीला पदस्पर्श दर्शनाची रांग गोपाळपूरच्या बाजूला रांगेसाठी उभारलेल्या पत्राशेडच्याही पुढे गेलेली असते, वीस-वीस तास, कधी त्याहून जास्त लागतात. चालून आलेल्या पायांनी, उपवासाच्या पोटी. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर उभं राहावं, पण तेवढंच म्हणजे दर्शन असं कोणीही वारकरी तुम्हाला सांगणार नाही.

आमच्या दिंडीतले म्हातारे एकादशीला काय करतात ते सांगतो. पहाटे चंद्रभागेत स्नान, वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन, मग भजन करत नगरप्रदक्षिणा, महाद्वारात नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी, तिथूनच कळसाला हात जोडले की झालं. त्यांच्या लेखी एकादशी पूर्ण. देवळात आत जायचं ते नंतर बघतात. हा क्रम मला आता सगळ्यात शहाणा वाटतो, कारण आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात, म्हणजे देव झोपत नाही, आणि यात्रेनंतर देवाचा शिणवटा घालवणारी प्रक्षाळपूजा होईपर्यंत मंदिर दर्शनासाठी चोवीस तास उघडं असतं. म्हणजे तुम्ही पौर्णिमेपर्यंत थांबणार असाल तर त्रयोदशी-चतुर्दशीला रात्री दोन-तीनच्या सुमाराला रांगेत लागा, गर्दी पुष्कळ ओसरलेली असते. किंवा मुखदर्शनाची वेगळी रांग असते, तिथे पायावर डोकं ठेवता येत नाही, पण नंबर बराच लवकर लागतो.

एकादशीलाच रांगेत उभं राहायचं ठरवलंच असेल तर: आधी बाथरूमला जाऊन या, मोबाईल आत नेता येत नाही म्हणून तो आणि चपला मुक्कामावरच ठेवा, जवळ पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू, केळी, ओआरएसची दोन पाकिटं. सोबत एक तरी ओळखीचा माणूस हवाच. एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजा असते तेव्हा पदस्पर्श दर्शन काही वेळ थांबतं, रांग हलत नाही म्हणून वैतागू नका. रांगेतल्याच एका वारकरी जोडप्याला त्या पूजेचा मान मिळतो, त्यामुळे त्या वेळी पुढच्या भागात जी कुजबुज चालते ती ऐकण्यासारखी असते.

स्नानाबद्दल जरा सिरियसली. उजनीतून पाणी सोडलेलं असेल तर चंद्रभागेची पातळी पटकन वाढते, दगडी पूल पाण्याखाली जातो आणि वाळवंट दिसता दिसता लहान होतं. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि हजारो ओल्या पायांनी गुळगुळीत झालेल्या असतात. गुडघाभर पाण्यात बसून तांब्याने अंघोळ करा, पोहायला येत असलं तरी आत जाऊ नका. पायाला उघडी जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, चार थेंब डोक्यावर घ्या, तेवढंही स्नानच आहे. तोंडात पाणी घेऊ नका. आणि साबण, जुने कपडे, पत्रावळ्या नदीत सोडायच्या नाहीत.

उपवास मी धरतो, पण अक्कल ठेवून. साबुदाणा वडे आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर दिवसभर उन्हात उभं राहिलं की ॲसिडिटी आणि चक्कर ठरलेली. भगर, ताक, केळी, खजूर यावर राहा. गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या नावाखाली बंद करू नका, विठोबाची त्याला काही हरकत असल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बारस आणि खरा आनंद

सेलिब्रेशन म्हणाल तर ते द्वादशीला. सकाळी बारस सोडायची, बऱ्याच दिंड्यांमध्ये त्या दिवशी पुरणपोळी असते, आणि तीन आठवडे पिठलं-भाकरी, भात-आमटीवर असलेला माणूस त्या पोळीवर तूप पडताना बघतो तो चेहरा बघण्यासारखा असतो. पण चार पोळ्यांच्या वर खाऊ नका, पोट सवयीत नाही.

जेवणाआधी किंवा नंतर सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि गळाभेट घेतात. लहान-मोठा असं काही नाही, सत्तर वर्षांचे बाबा तुमच्या पाया पडणार आणि तुम्ही मागे सरकणार, पहिल्या वर्षी सगळे सरकतात. सरकू नका, तुम्हीही वाका, तेवढंच. याच वेळी उरलेली भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, देऊन टाका आणि स्वयंपाकाच्या मावश्या, पाण्याचा टँकरवाला, ट्रकचा ड्रायव्हर यांना शोधून त्यांच्याही पाया पडा, कारण ते लोक कधी रांगेत नसतात, प्रदक्षिणेत नसतात, आपल्या भाकरीपायी त्यांचं बरंच काही राहून जातं. आमच्याकडे द्वादशीच्या दुपारी भांडी पुरुष घासतात. नियम कोणी केला माहीत नाही, चांगला आहे.

प्रसादाची खरेदी एकादशीला करायची नाही, धक्क्यात पिशवी फुटते. द्वादशीनंतर निवांत जा. चुरमुरे, बत्तासे, फुटाणे, पेढे, कुंकू, बुक्का हे मुख्य. चुरमुरे वजनाला काही नसतात पण जागा खातात आणि पावसाळी हवेत सादळतात, म्हणून दोन पिशव्यांत घालून तोंड गच्च बांधा. बुक्का वेगळा गुंडाळा, नाहीतर सगळ्या कपड्यांना बुक्का लागतो (आणि वास महिनाभर जात नाही, मला तो आवडतो पण ऑफिसवाल्यांना आवडेलच असं नाही). तुळशीची माळ शोभेची म्हणून घेऊन गळ्यात घालू नका, माळेला नियम आहेत, घालायचीच असेल तर दिंडीतल्या महाराजांशी बोला आणि त्यांच्या हातून घ्या.

पौर्णिमेचा काला

पौर्णिमेला सकाळी पालख्या गोपाळपूरला जातात, गावापासून चालत अर्धा-पाऊण तास. उंचवट्यावर गोपाळकृष्णाचं देऊळ, तिथे जनाबाईंचं जातं दाखवतात. काल्याचं कीर्तन होतं, लाह्या-दही एकमेकांच्या तोंडात भरवतात, अनोळखी माणूसही भरवतो. तोपर्यंत गर्दी बरीच कमी झालेली असते आणि राहिलेली असतात ती सगळी मुरलेली माणसं, त्यामुळे मला एकादशीपेक्षा हा दिवस जास्त आवडतो. मग संतांच्या पादुका देवळात विठ्ठलाच्या भेटीला नेतात आणि पालखी परत फिरते.

परतीची वारीही असते, पायीच, जाताना अठरा-वीस दिवस लागतात ते येताना दहा-अकरा दिवसांत कापायचं. ना रिंगण, ना स्वागत, मोजकी माणसं आणि रोजचं मोठं अंतर. पहिल्याच वर्षी तो विचार करू नका.

बाकीच्यांनी एसटी किंवा रेल्वे. यात्रेच्या काळात एसटीची तात्पुरती स्टँड शहराबाहेर असतात आणि जिल्ह्याप्रमाणे वाटलेली असतात, म्हणून तुमच्या भागाची गाडी कुठून सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, नाहीतर बॅगा घेऊन शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जावं लागतं. महिलांना निम्मं तिकीट, ६५ च्या वरच्यांना निम्मं, ७५ च्या वर मोफत, आधार कार्ड वर ठेवा. पंढरपूर स्टेशन मिरज-कुर्डुवाडी लाईनवर आहे आणि आषाढीला जादा गाड्या असतात, पण एकादशीच्या संध्याकाळी त्यात शिरणं म्हणजे कुस्ती. त्रयोदशीनंतर बसायला जागा मिळते.

घरी आल्यावर

वेशीवर किंवा दारात पाय धुतात, ओवाळतात, शेजारीपाजारी पाया पडायला येतात. अवघडल्यासारखं होतं, पण नको म्हणू नका, ते तुमच्या पाया पडत नसतात.

मग मावंदं. हल्ली शहरात हे मागे पडत चाललंय. यात्रा करून आलं की घरी जेवण घालायचं, नातेवाईक, शेजारी, आणि ज्यांनी तुमच्या मागे घर सांभाळलं ते सगळे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका, तुम्ही उभे राहू शकणार नाही, एक आठवडा जाऊ द्या. सकाळी देवापुढे चंद्रभागेचं पाणी आणि बुक्का ठेवून पूजा, जमलं तर तासभर भजन, मग साधं जेवण, वरण-भात, भाजी, एक गोड. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, बरेच जण कांदा-लसूण-वांगं सोडतात, तेव्हा स्वयंपाक त्याच हिशोबाने करा म्हणजे ऐनवेळी कोणी उपाशी राहत नाही. जाताना प्रत्येकाच्या हातात चुरमुऱ्यांची पुडी आणि कपाळाला बुक्का. तीस माणसं असतील तर दोन किलो चुरमुरे भरपूर होतात.

शरीराचं म्हणाल तर एकदम बसून राहू नका. पहिला आठवडा रोज तीन-चार किलोमीटर चाला, नाहीतर पोटऱ्या आखडतात. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर ओढू नका, नवं येईल तसं ते आपोआप सुटतं. फोडाच्या जागी लाली पसरायला लागली, ताप आला, किंवा एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि नदीत अंघोळ केली होती हे त्यांना आठवणीने सांगा. भूक मात्र अजून वारीचीच असते, दोन आठवड्यांत माझं तीन किलो वजन वाढलं होतं.

आणि पहाटे तीनला जाग येते. काकडा नाही, ट्रकचा आवाज नाही, कोणी "माउली, सरका जरा" म्हणत नाही, अंधारात पंखा फिरत असतो. हे सगळ्यांना होतं, दहा-बारा दिवस चालतं. दिंडीतल्या ज्यांचे नंबर द्वादशीला घेतलेत त्यांना फोन करा, तेही जागेच असतात. मी एकदा पहाटे सव्वातीनला आमच्या विणेकरी बाबांना मिस्ड कॉल दिला होता, दुसऱ्या मिनिटाला त्यांचाच फोन आला, "चहा घेतला का माउली?"